हळद विकायची की ठेवायची, हे ठरवताना

सांगलीच्या मार्केट यार्डात, शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या अडतीवर दिवाणजी आहे. नवी हळद आली की रोज हेच कानावर येतं: "शेजारच्याला क्विंटलला अठरा हजार मिळाले, मी पंधराला कशी देऊ?"

आधी तो अठराचा आकडा तपासा. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली एक प्रयोग छापला. लोकांसमोर चक्र फिरवलं, ते 10 किंवा 65 वरच थांबेल अशी सोय करून. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेचे देश किती टक्के? 10 बघितलेल्यांचा अंदाज 25 च्या घरात, 65 वाल्यांचा 45. चक्राचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही, तरी आकडा चिकटला. शेजाऱ्याच्या दराचा तर थोडा संबंध असतोच, म्हणून तो जास्त चिवट. त्याला विचारा: हळकुंड होतं की गड्डा? पॉलिश कसं होतं? सौदा कुठल्या तारखेचा?

मग कागद घ्या. 40 क्विंटल पंधरा हजारांनी 6 लाख. महिना एक टक्का व्याज धरलं तरी 6,000, म्हणजे क्विंटलमागं 150. वखारीचं भाडं आणि वजनातली घट वेगळी. दर महिन्याला भाव एवढा चढला तर तुम्ही जागच्या जागी. बेण्याचा, शिजवणीचा खर्च यात मांडू नका. तो होऊन गेला, बोली लावणारा तो बघत नाही.

आता स्वतःला विचारा: माल नसता आणि हातात रोख 6 लाख असते, तर आज याच दरानं हळद घेऊन ठेवली असती का? "छे, कोण घेतंय!" असं निघालं, तर मग ठेवताय कशासाठी? कानेमन, नेट्श आणि थेलर यांच्या 1990 च्या प्रयोगात ज्यांना कप फुकट मिळाला होता, ते घेणाऱ्यांच्या दुप्पटीहून जास्त किंमत मागत होते. तिथं नुसता कप होता, इथं नऊ महिन्यांचं पीक आहे.

आमची अडत, म्हणजे विक्रीवरचं कमिशन, माल विकल्यावरच सुटते, हेही माझं ऐकताना धरून चाला.

ठेवायचीच असेल तर निम्मी विका. उरलेलीसाठी किती दर आला की द्यायची आणि नाही आला तर कुठल्या तारखेला द्यायची, दोन्ही वहीत लिहा, घरच्यांसमोर. नंतर आकडा बदलावासा वाटला तर शेजारी कारणही लिहा. "अजून वाढंल असं वाटतंय" हे कारण धरायचं नाही.