कोर्टात एक्सपर्ट म्हणून उभं राहायचंय? आधी फील्ड डायरी काढा

परवा एका ज्युनिअरचा फोन आला, ताई मानववंशशास्त्रात एमए झालं, सुरगाण्यात फील्डवर्क पण झालं, आता कोर्टात एक्सपर्ट म्हणून साक्ष द्यायला कुठलं सर्टिफिकेट काढू? अगं, वकिलाला सनद असते, डॉक्टरला रजिस्ट्रेशन असतं, आपल्याला तसलं काही नाहीच. तुम्ही एक्सपर्ट आहात की नाही हे कोर्ट दर केसमध्ये नव्याने ठरवतं. एक्सपर्टच्या मतासाठी पूर्वी एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम ४५ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याजागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९ आलंय, त्यात विज्ञान आणि कलेच्या जोडीला इतर कुठलंही क्षेत्र घातलंय, त्यामुळे "हे तुमचं सायन्स आहे का हो मॅडम" हा टोमणा आता जरा बोथट झालाय.

आपल्या नाशकात काम कुठे निघतं ते आधी बघा. हिंदू विवाह आणि वारसा कायदे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत, म्हणून पेठ, सुरगाणा, कळवणकडच्या जमिनीच्या दाव्यात मुलीला हिस्सा की नाही, घरजावयाचं काय, हे बऱ्याचदा रूढीवर येऊन अडतं, आणि रूढी आहे असं जो म्हणतो त्यालाच ती सिद्ध करावी लागते. दुसरं म्हणजे जमात पडताळणी, म्हणजे एखाद्याचा आदिवासी असल्याचा दाखला खरा की नाही ते तपासणं. सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या माधुरी पाटील निकालापासून अ‍ॅफिनिटी टेस्ट आली, म्हणजे देव कुठले, लग्नाच्या, मयताच्या चालीरीती कुठल्या असले प्रश्न. पण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही काही अंतिम कसोटी नाही. मला विचाराल तर बरंच झालं, शहरात वाढलेल्या पोराला कुलदैवताचं गाणं आलं नाही म्हणून तो काय आदिवासी नाही?

आता रिपोर्ट. बायोडेटात डिग्री दोन ओळीत संपवा आणि गावं, महिने, बोली येते का, दुभाषी कोण होता हे सविस्तर लिहा, कोर्ट शिक्षणासोबत अनुभव बघतं आणि तुमची खरी सनद तीच. मी पहिल्या रिपोर्टात, कोकणा या आदिवासी जमातीबद्दल, झोकात लिहिलं होतं, "कोकणा समाजात अशी प्रथा आहे." उलटतपासात समोरच्या वकिलाने शांतपणे विचारलं, किती गावं? तीन. रात्री मुक्काम? अकरा. मग कळवणचे कोकणा तुम्हाला भेटलेच नाहीत ना? मी गप्प, स्टेनोची बोटं पण थांबली. तेव्हापासून "मी पाहिलेल्या तीन गावांत" असंच लिहिते. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, स्वतःचा निष्कर्ष वेगळा, आणि तो कशावरून काढला तेही लिहायचं म्हणजे जजला स्वतः पडताळून बघता येतं, कारण तुमचं मत सल्ल्यासारखं असतं, कोर्टाला बंधन नाही. मत बाजूने नसलं तरी तसंच लिहा, वकीलसाहेब फोन करून "एवढी ओळ जरा सौम्य करा ना" म्हणतील, हसून नाही म्हणायचं. इंग्लंडमध्ये तर सिव्हिल केसच्या नियमातच आहे की एक्सपर्टचं पहिलं कर्तव्य कोर्टाशी, पैसे देणाऱ्याशी नंतर, आपण ते वाक्य स्वतःहून रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकलं तर कोण अडवतंय? फी निकालावर ठेवू नका, रिपोर्टची आणि तारखेची वेगळी ठरवून लेखी घ्या, तारखा पडतातच.

आणि डायरी. पिंजऱ्यात उभं राहून डायरीत बघून उत्तर दिलंत की ती समोरच्या वकिलाला बघायचा हक्क मिळतो, आणि मग कुठल्या आजीने भाऊबंदकीचं काय सांगितलं ते सगळं उघड्यावर, तेही त्याच गावातले लोक मागच्या बाकावर बसलेले असताना. म्हणून पहिल्या दिवसापासून नावाऐवजी खुणा वापरा, मी झाडांची नावं देते, मोह, साग, ऐन, आणि कुठलं झाड कोण ती यादी वेगळ्या वहीत घरी. केस लागल्यावर पानं फाडायला किंवा खाडाखोड करायला जाऊ नका, ते लगेच दिसतं. लोकांना आधीच सांगा की हे कोर्टात जाऊ शकतं, एखादी मावशी म्हणेल मग नको लिहू बाई, तर पेन खाली ठेवायचं आणि चहा प्यायचा.