ब्रिटनमधलं सर्वांत उंच फुटबॉल मैदान कोणतं? स्वतः मोजून यादी कशी करावी

आपल्याकडे रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लहानपणी लोणावळ्याला गाडी थांबली की मी ती आधी वाचायचो, चिक्की नंतर. ब्रिटनमधल्या स्टेशनांवर सहसा अशी पाटी नसते, आणि फुटबॉल मैदानांवर तर नाहीच. त्यामुळे "आमचंच मैदान सर्वांत उंच" हा वाद तिथे वर्षानुवर्षं चालतो. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचं द हॉथॉर्न्स ५५१ फुटांवर, म्हणजे १६८ मीटरवर आहे, आणि प्रीमियर लीग व इंग्लिश फुटबॉल लीगच्या ९२ क्लबांत तेच सर्वांत वर, असं सांगितलं जातं. पोर्ट व्हेलचं व्हेल पार्क आणि ओल्डहॅमचं बाउंड्री पार्क हेही ५०० फुटांच्या पुढचे गडी.

ही यादी घरबसल्या, फुकटात, एका सुट्टीच्या दिवसात करता येते. फक्त उंची कुठपासून आणि कुठपर्यंत मोजायची, हे आधी पक्कं करायला हवं. चुका होतात त्या बहुतेक इथेच.

पायरी १: यादीत कोण, आणि कोणत्या हंगामात

"ब्रिटनमधली मैदानं" एवढं म्हणून भागत नाही. सोपी सुरुवात म्हणजे ९२ची यादी: प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन विभागांतले ७२. कार्डिफ, स्वान्सी, रेक्सहॅम आणि न्यूपोर्ट हे वेल्सचे क्लबही या इंग्लिश रचनेत खेळतात. स्कॉटलंडची व्यावसायिक लीग ४२ क्लबांची, तिची यादी वेगळी ठेवा. उत्तर आयर्लंड मी बाजूलाच ठेवतो, कारण उंची ज्या समुद्रपातळीपासून मोजतात तो शून्य तिथे बेलफास्टचा आहे, ग्रेट ब्रिटनचा नाही (याबद्दल पायरी ३मध्ये).

हंगामाचं वर्ष शीर्षकातच लिहा. ही कारकुनी वाटेल, पण मुकुट कुणाच्या डोक्यावर हे त्यावर ठरतं. ओल्डहॅम २०२२ साली ९२मधून खाली घसरला आणि २०२५ साली परत आला. मधल्या तीन वर्षांच्या यादीत बाउंड्री पार्क नसणारच. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स हा छोटा क्लब २०१७ ते २०२४ या काळात ९२मध्ये होता, आणि त्यांचं द न्यू लॉन हे मैदान नेल्सवर्थ गावाच्या वर टेकडीच्या माथ्यावर आहे. त्या सात हंगामांची यादी करणार असाल तर ते मैदान मोजल्याशिवाय हॉथॉर्न्सला पहिला नंबर देऊ नका.

९२च्या खाली उतरलात की चित्रच पालटतं. डर्बीशरमधल्या बक्स्टनचं सिल्व्हरलँड्स मैदान १,००० फुटांच्या आसपास आहे. डरहॅम परगण्यातलं टो लॉ हे गावही तेवढ्याच उंचीवरचं. इंग्लंडचा फुटबॉलपटू क्रिस वॉडल न्यूकॅसलला जाण्याआधी तिथल्याच संघात खेळायचा. म्हणजे खालच्या पायरीवरचे हे क्लब उंचीत मात्र हॉथॉर्न्सच्या जवळपास दुप्पट. आणि आपण पुणेकर असू तर गालात हसायला हरकत नाही: पुणे शहरच सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे गल्लीतलं कुठलंही मैदान या सगळ्यांच्या वर!

पायरी २: नेमका बिंदू ठरवा

मैदानाची उंची म्हणजे कशाची? प्रवेशद्वाराची, गाड्या लावण्याच्या जागेची, स्टँडच्या वरच्या रांगेची, की गवताची? क्लबच्या पत्त्यावरून किंवा पिनकोडवरून उंची काढणारे लोक नकळत रस्त्याची उंची लिहितात. उतारावरच्या गावात रस्ता आणि गवत यांत पाच-सात मीटरचा फरक सहज पडतो.

माझा नियम साधा आहे: मधल्या वर्तुळाच्या मध्यावरचा, सामना जिथून सुरू होतो तो ठिपका. उपग्रहचित्रात तो स्पष्ट दिसतो, त्यावर क्लिक करून अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत उतरवा. सगळ्या मैदानांना हाच नियम लावा.

मध्यच का, कोपरा का नाही? कारण मैदानं सपाट नसतात. लॉर्ड्सच्या क्रिकेट मैदानाचा अडीच मीटरचा उतार आपल्याला पाठ आहे, फुटबॉलमध्येही तसे नमुने होऊन गेले. येओव्हिलच्या जुन्या ह्युइश मैदानाला एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आठ फुटांचा उतार होता. १९४९ साली एफए कपमध्ये तिथे बलाढ्य संडरलँड २-१ने हरला, तेव्हापासून त्या उताराची कथा झाली. एडिंबरातल्या ईस्टर रोड या मैदानाचा उतार २०००च्या सुमारास काढून टाकला. अशा मैदानाचे चारही कोपरे मोजून ठेवलेत तर मजा येईल, पण यादीत आकडा मध्याचाच.

पायरी ३: शून्य कुठे आहे ते समजून घ्या

ही पायरी लोक टाळतात, मला मात्र सगळ्यात आवडते.

समुद्र कधी स्थिर नसतो, भरती-ओहोटी चालूच असते. मग "समुद्रसपाटी" म्हणजे कोणती? ग्रेट ब्रिटनच्या मुख्य भूमीवर याचं उत्तर आहे कॉर्नवॉलमधलं न्यूलिन हे मासेमारीचं बंदर. १९१५ ते १९२१ अशी वर्षं तिथल्या पाण्याची पातळी नोंदवली गेली, तिची सरासरी काढली आणि तोच देशाचा शून्य ठरला. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावरची प्रत्येक उंची त्या शून्यापासून मोजलेली असते. त्याआधी हा मान लिव्हरपूलकडे होता, त्यामुळे व्हिक्टोरियाकालीन नकाशातला आकडा आजच्या यादीत घुसडू नका.

आता यादीच्या दुसऱ्या टोकाला या. सर्वांत खालचं मैदान म्हणून ग्रिम्सबी टाउनच्या ब्लंडेल पार्कचं नाव घेतात. (हे मैदान ग्रिम्सबीत नसून शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, म्हणून हा संघ घरच्या सामन्यालाही परगावीच असतो.) अनेक याद्यांत त्याची उंची २ फूट दिलेली असते. असा आकडा दिसला की लगेच विचारा: २ फूट, पण कशाच्या वर? हंबर नदीच्या मुखाशी उधाणाची भरती न्यूलिनच्या शून्याच्या तीन मीटरहून जास्त वर चढते. मैदान खरोखर त्या शून्यापासून २ फुटांवर असेल, तर उधाणाच्या दिवशी ते समुद्राच्या पातळीखाली येतं आणि फक्त किनाऱ्याच्या बांधामुळे कोरडं राहतं. आणि तो आकडा भरतीच्या रेषेपासून मोजलेला असेल, तर हॉथॉर्न्सच्या १६८ मीटरशेजारी तो बसवताच येत नाही, दोघांची मोजपट्टी वेगळी. पुढच्या पायरीत दिलेल्या पद्धतीने हे मैदान सर्वांत आधी तपासा.

पायरी ४: उंची काढा

तीन मार्ग आहेत. मी दोन वापरतो आणि तिसऱ्यापासून लांब राहतो.

पहिला मार्ग समोच्च रेषांचा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर समान उंचीच्या रेषा ५ किंवा १० मीटरच्या अंतराने असतात. समजा मधला ठिपका १६० आणि १७०च्या रेषांमध्ये पडला, दोन रेषांत कागदावर १२ मिलिमीटर अंतर आहे आणि ठिपका खालच्या रेषेपासून ९ मिलिमीटरवर आहे. मग १० × ९ ÷ १२ = ७.५, म्हणून उंची साधारण १६७.५ मीटर. शाळेतलं त्रैराशिक. अडचण एवढीच की मैदान करताना टेकडीचा एक भाग खणतात आणि दुसऱ्या बाजूला भर टाकतात. रेषा मूळ उताराचा अंदाज देतात, सपाट केलेल्या जमिनीचा नाही. एक-दोन मीटर इकडेतिकडे होणार हे धरून चाला.

दुसरा मार्ग लायडारचा, आणि हाच खरा. विमानातून लेसरचे झोत जमिनीवर सोडून उंची मोजतात. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने ही माहिती सगळ्यांना मोफत खुली केली आहे, एक-एक मीटरच्या चौकोनात, न्यूलिनच्या शून्यापासून. स्कॉटलंड आणि वेल्सचीही आपापली खुली दालनं आहेत. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, मैदानाचा तुकडा उतरवून घ्या, मधल्या ठिपक्यावर क्लिक करा, आकडा समोर.

इथे दोन प्रकारच्या फाइली दिसतील. डीएसएममध्ये झाडं, इमारती, छपरं सगळं धरलेलं असतं, डीटीएममध्ये ते काढून नुसती जमीन उरते. आपल्याला डीटीएम हवी. तरी दोन्ही उघडून बघाच: डीएसएममध्ये स्टेडियम एखाद्या वाडग्यासारखं दिसतं, कडेला स्टँड आणि तळाशी गवत.

तिसरा मार्ग म्हणजे जगभराची उंची सांगणारी झटपट संकेतस्थळं. त्यांतली बरीचशी फेब्रुवारी २०००मध्ये अंतराळयानातून अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवर चालतात. चौकोन ३० मीटरचा. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे रुंदीत जेमतेम दोन चौकोन, आणि कडेच्या स्टँडांचं प्रतिबिंब त्यात मिसळलेलं. मी सुरुवातीला याच रस्त्याने गेलो होतो. अर्धी यादी झाल्यावर लक्षात आलं की मोठ्या स्टँडांची मैदानं सगळी संशयास्पद उंच येत आहेत. मी गवत नाही, छपरं मोजत होतो.

शिवाय माहितीचं वर्ष बघा. मँचेस्टर सिटीचं स्टेडियम २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अ‍ॅथलेटिक्ससाठी वापरलं, आणि नंतर ट्रॅक काढून आतली जमीन सुमारे सहा मीटर खाली नेली. त्याआधीची कुठलीही मोजणी आज सहा मीटरने चुकणार.

पायरी ५: प्रत्यक्ष गेलात तर फोनवर विसंबू नका

नातलग तिकडे असतात, सामना बघायला जाणं होतं, आणि खिशातून फोन निघतोच. दोन सापळे लक्षात ठेवा.

जीपीएसची कच्ची उंची समुद्रापासून नसते, पृथ्वीच्या एका गणिती अंडाकृतीपासून असते. ब्रिटनमध्ये समुद्रसपाटी त्या आकृतीच्या सुमारे ५० मीटर वर आहे. त्यामुळे दुरुस्ती न करणारं अ‍ॅप क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावरही पन्नासच्या आसपास आकडा दाखवेल. आपल्याकडे उलटं: गिरगाव चौपाटीवर तेच अ‍ॅप उणे साठ-सत्तर दाखवून घाबरवतं. फोन बिघडलेला नसतो, शून्य वेगळा असतो.

दुसरा सापळा हवेच्या दाबाचा. काही फोनांत दाबमापक असतो; साधारण आठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. पण ब्रिटनचं हवामान एका दिवसात दहा-वीस हेक्टोपास्कल सहज फिरतं, म्हणजे फोनच्या मते तुम्ही बसल्या जागी शंभरेक मीटर चढलात. हा दाबमापक फक्त एका कामाला वापरा: तासाभरात दोन जागांमधला फरक काढायला, जसं स्टेशन ते मैदान.

त्यापेक्षा जुन्या चर्चच्या आणि पुलांच्या भिंतींवर नजर ठेवा. एक आडवी कोरीव रेघ आणि तिच्याखाली बाण दिसला तर ती सर्व्हेची जुनी खूण आहे. अशा लाखो खुणा अजून शिल्लक आहेत. सर्व्हे आता त्यांची देखभाल करत नाही, पण त्यांच्या उंचीची यादी मोफत मिळते.

पायरी ६: तक्ता भरा

रकाने: क्लब, मैदान, अक्षांश-रेखांश, उंची मीटरमध्ये, कुठून घेतली, मोजणीचं वर्ष, संभाव्य चूक. फुटांचा रकाना सूत्राने काढा (मीटर भागिले ०.३०४८), हाताने टाइप करू नका, फूट-मीटरच्या अदलाबदलीत एखादं मैदान डोंगरावर जाऊन बसतं. दोन मैदानांतला फरक संभाव्य चुकीपेक्षा कमी असेल तर त्यांना एकच क्रमांक द्या.

तक्ता उतरत्या क्रमाने लावला की भूगोल आपोआप दिसतो. वरच्या टोकाला पेनाइन डोंगराच्या कडेची कापडगिरण्यांची गावं, स्टॅफर्डशरचा कुंभारकामाचा पट्टा, बर्मिंगहॅमचं पठार. खाली हंबर, टेम्स आणि बंदरांची गावं.

खेळावर परिणाम? श्वासावर म्हणाल तर शून्य. १६८ मीटरवर हवा किनाऱ्यापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी विरळ असते. ला पाझचं मैदान ३,६०० मीटरच्या वर आहे, तिथे पाहुण्या संघांना धाप लागते. वेस्ट ब्रॉमविचला नाही. तापमानात मात्र साधारण एक अंशाचा फरक पडतो, आणि जानेवारीत शून्याच्या आसपास तेवढा फरक पाऊस आणि बर्फ यांच्यातला असू शकतो. त्यात उघड्या टेकडीवरचा वारा मिळवा.

एक रकाना मी नंतर वाढवला: जवळच्या पाण्यापासूनची उंची. आर्ब्रोथचं गेफील्ड पार्क समुद्राच्या इतकं लगत आहे की भरतीची रेषा भिंतीपासून पाच-सहा यार्डांवर येते. कार्लाइलचं ब्रंटन पार्क समुद्राच्या पातळीच्या चांगलं वर, तरीही २००५ आणि २०१५ साली नदीच्या पुरात बुडालं. श्रूझबरीच्या जुन्या गे मेडोला तर सेव्हर्न नदी खेटूनच होती. बाहेर गेलेला चेंडू पाण्यात पडायचा आणि फ्रेड डेव्हिस नावाचे गृहस्थ हरिगोलासारख्या गोल होडीत बसून तो परत आणायचे.