समुद्रकिनाऱ्यावर घोड्याची रपेट: आधी घोडा बघा, मग समुद्र

कावळा नाक्यावरून जाताना ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आपण कोल्हापूरकर लहानपणापासून बघतो. पण प्रत्यक्ष खोगिरावर बसायची वेळ बहुतेकांवर येते ती सुट्टीतच. आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जायचं, नाहीतर आणखी वर काशिद-अलिबागकडे. किनाऱ्यावर घोडेवाला लगाम धरून उभा असतो, पोरं हट्ट धरतात आणि दोन मिनिटांत आपण वर चढलेलो असतो. त्या दोन मिनिटांत काय बघायचं, काय विचारायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे. घोडा बरा असेल, त्याचं सामान नीट असेल आणि वेळ बरोबर निवडली असेल, तर कधी खोगिराला हात न लावलेला माणूसही किनाऱ्यावर सुखानं फिरून येतो.

तयारीची सुरुवात कोल्हापुरातच करायची, आणि तीही भिंतीवरचं कॅलेंडर बघून.

तिथी बघून दिवस ठरवा

घोड्याला चालायला सगळ्यात चांगली वाळू म्हणजे नुकतंच पाणी ओसरलेली, ओली आणि घट्ट वाळू. वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत खूर रुततात, प्रत्येक पाऊल उपसून टाकावं लागतं आणि पायाच्या शिरांवर ताण येतो. घोडा लवकर दमतो आणि दमलेला घोडा ठेचकाळतो. त्यामुळे रपेट ओहोटीलाच करायची.

ओहोटी कधी हे काढायची कोकणातली जुनी रीत फार सोपी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची अदमासे वेळ निघते. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे भरती 3 च्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या आसपास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून 1, 2 असं मोजायचं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. हा ठोकताळा आहे, जागेप्रमाणे अर्धा-एक तास इकडंतिकडं होतो. म्हणून मुक्कामी पोचल्यावर घरमालकाला किंवा मासेमारी करणाऱ्या कुणालाही विचारून पक्कं करा.

आता याचा उपयोग बघा. अष्टमीच्या सुमाराला भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते आणि ओहोटी भर दुपारी. म्हणजे गारव्याच्या वेळी घोड्याला उरते ती फक्त वरची मऊ वाळू, आणि घट्ट वाळू उघडी पडते तेव्हा ऊन मी म्हणत असतं. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी 12 च्या सुमारास असते आणि पाणी सगळ्यात लांब जातं ते सकाळी आणि संध्याकाळी. किनारा रुंद, वाळू घट्ट, हवा गार. सहलीची तारीख आपल्या हातात असेल तर ती या दिवसांच्या आसपास धरा. पावसाळ्यात मात्र हा बेतच नको.

दुपार टाळायची ती फक्त आपल्यासाठी नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या केंद्राच्या नियमांत, पारा 37 अंशांवर असेल तेव्हा दुपारी 12 ते 3 जनावरांना कामाला लावू नये असं सांगितलं आहे. वाळूवर तर ऊन खालूनही भाजतं.

आणखी एक. घाट उतरून आलेल्या दिवशीच घोड्यावर बसू नका. आंबा घाट काय किंवा फोंडा घाट काय, वळणांनी डोकं आणि पोट ढवळलेलं असतं. एक रात्र झोपा, सकाळी पोहे किंवा भाकरी असं हलकं खा आणि मग जा. भरल्या पोटी दुडकी चाल अजिबात सोसत नाही.

अंगावर काय, पायात काय

पूर्ण लांबीची पँट घाला. सैल सलवार चालेल, पण ओढणी किंवा स्कार्फ गाडीतच ठेवा. चड्डीवर बसलात तर रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायच्या लोंबत्या कडीचा, पट्टा पोटरीची साल काढतो. मोबाइल चेन असलेल्या खिशात ठेवायचा आणि वर बसून फोटो काढायचे नाहीत. फोटो खाली उभ्या असलेल्या माणसानं काढावेत.

पायात मागून-पुढून बंद, थोडी टाच असलेला बूट हवा. हे मी जरा ठासून सांगते, कारण आपल्याला सुट्टीत चप्पल घालायची सवय. काही वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावर मी कोल्हापुरी चप्पल घालूनच घोड्यावर बसले होते. वाळूतून एक कुत्रं भुंकत आलं, घोडा हातभर बाजूला उसळला आणि माझं पाऊल चपलेसकट रिकिबीतून आरपार घोट्यापर्यंत गेलं. बरोबरच्या पोरानं लगाम सोडला नाही म्हणून निभावलं. त्या वेळी मी खाली पडले असते, तर पाय अडकलेला राहिला असता आणि घोडा पळाला असता. रिकिबीत अडकून फरपटत जाणं हा घोडेस्वारीतला सगळ्यात वाईट अपघात. बुटाची टाच नेमकी तो टाळते, कारण पाऊल तिच्यापाशी अडतं.

डोक्याला हेल्मेट घालायचंच, वाळू मऊ आहे म्हणून सूट नाही. ओली वाळू फरशीसारखी लागते. आपल्या किनाऱ्यांवर घोडेवाल्याकडे हेल्मेट असेलच असं धरून चालू नका. घोडेस्वारीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर मुलांची सायकलची हेल्मेटं घरून न्या. डोकं उघडं ठेवण्यापेक्षा ती कितीतरी बरी. मोटारसायकलचं नको, ते मानेला जड होतं आणि घोडेवाल्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

घोडा बघा

आता खरं काम. किनाऱ्यावर पाच घोडे उभे असतील तर पहिल्यावरच बसायचं असा काही नियम नाही. घोड्याकडे समोरून किंवा मागून जाऊ नका. त्याचे डोळे दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं. तिरकं, खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा आणि मानेवर हात ठेवा.

कान बघा. पुढे-मागे सहज हलत असतील तर घोडा शांत आहे आणि त्याचं लक्ष आहे. कान मागे चिकटून मानेला टेकले असतील तर तो चिडलाय किंवा त्याला कुठंतरी दुखतंय. मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली पाहिजे. घडी तशीच उभी राहिली तर घोड्याला पाणी कमी पडलंय, त्याच्यावर बसू नका.

गेल्या खेपेला भाच्याला घेऊन गेले तेव्हा एक देखणा पांढरा घोडा त्यानं लांबूनच पसंत केला होता. घोडेवाला वयस्कर होता. मी म्हटलं, "मामा, जरा खोगीर उचलून दाखवता का?" ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "ताई, ह्याला आज राहू द्या. तो तांबडा घ्या." त्यांनी खोगीर उचललं तेव्हा कळलं. आयाळ संपते त्या उंचवट्यावर रुपयाएवढी जखम होती आणि वर हळद लावलेली. तांबड्याची पाठ स्वच्छ होती. मामांनी स्वतःहून सांगितलं याचं मला बरं वाटलं, पण विचारलं नसतं तर त्या जखमेवर भाचा बसला असता. म्हणून विचाराच. पाठ, तंग म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा बसतो ती पोटाखालची जागा आणि तोंडाचे कोपरे, या तीन ठिकाणी जखम नको. लगामाची कडी काटेरी असेल तर त्या घोडेवाल्याकडे बसूच नका, नियमांनी ती मना आहे.

मग घोडा दहा पावलं चालवून दाखवायला सांगा. प्रत्येक पावलाला मान हिसका देऊन वर-खाली होत असेल तर पाय दुखतोय.

वजनाचंही बोललं पाहिजे. घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझं वाहावं, खोगीर धरून, असं जाणकार मानतात. आपल्याकडची तट्टं आकारानं लहान. 300 किलोच्या तट्टावर 60 किलोच झाले. वर सांगितलेल्या 1965 च्या नियमांतही तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याला 70 किलोची मर्यादा आहे. तेव्हा आई-मुलगा एकाच घोड्यावर नको, आणि भरदार अंगाच्या माणसानं मोठा घोडा मिळाला तरच बसावं. नाही मिळाला तर ओहोटीच्या वाळूवर घोड्याबरोबर चालत जायचं, त्यातही मजा आहे. मॉरिशस किंवा बालीला गेलात तर तिथं बुकिंग करतानाच तुमचं वजन आणि अनुभव विचारतात. खरा आकडा सांगा, त्यावरूनच घोडा निवडतात. प्रवास विम्यात घोडेस्वारी धरली आहे का, तेही निघण्याआधी वाचून घ्या.

बोलणी आणि बसणं

बसण्याआधी घोडेवाल्याशी ठरवून घ्या: कुठून कुठपर्यंत, किती पैसे, आणि दोर शेवटपर्यंत त्याच्याच हातात राहणार. "फक्त चाल, पळवायचं नाही" हे स्पष्ट म्हणा. खूश करायला म्हणून पोरं मागून घोड्याला चापट मारतात, तेही नको म्हणून आधीच सांगा.

तंग तपासा. पट्टा आणि पोट यांत दोन बोटं जेमतेम जावीत. सैल असेल तर चढतानाच खोगीर फिरेल. रिकिबीची लांबी मोजायची युक्ती अशी: मूठ खोगिराला पट्टा जोडतो तिथं टेकवा आणि रिकीब काखेत येते का बघा. येत असेल तर माप बरोबर.

चढायचं डावीकडून. डाव्या हातात लगाम आणि थोडी आयाळ, डावा पाय रिकिबीत, उजवा हात खोगिराच्या पलीकडच्या कडेवर. उजवा पाय उंच घेऊन पलीकडे टाका, घोड्याच्या पुठ्ठ्याला लाथ लागू देऊ नका आणि खोगिरावर धपकन न बसता हळू टेका. कठडा किंवा स्टूल मिळालं तर त्यावरून चढा, घोड्याच्या पाठीला तेच सोसतं.

मांड म्हणजे गुडघ्यांनी आवळून धरणं नव्हे. आवळलं की आपण वर उचलले जातो. बूड जड ठेवा, पाठ ताठ पण सैल, टाचा खाली, रिकिबीत फक्त पावलाचा पुढचा भाग. लगाम तोल सावरायला ओढायचा नाही, तो घोड्याच्या तोंडात आहे. तोल गेला तर आयाळ धरा किंवा खोगिराची पुढची कड. ओरडायचं मात्र नाही.

वाळूवर

पहिली पाच मिनिटं नुसतं चाला आणि श्वास सोडत राहा. थोड्याच वेळात कंबर घोड्याच्या चालीबरोबर आपोआप हलायला लागते. ओल्या वाळूवर टापांचा आवाज दबका येतो आणि लाटांच्या आवाजात मिसळून जातो. मला सगळ्यात आवडतो तो हा भाग.

नजर कुठं ठेवायची हे फार महत्त्वाचं आहे. पायाखालून मागे सरकणाऱ्या लाटेकडे बघितलं की जमीनच सरकतेय असं वाटून गरगरतं आणि माणूस त्या बाजूला कलतो. घोड्याच्या दोन कानांमधून लांब, किनाऱ्याच्या टोकाकडे बघा. घोड्यालाही ती सरकणारी फेसाची रेघ घाबरवते, काही घोडे तिच्यावरून उडी मारायला बघतात. म्हणून पाण्यात नेतानाही आधी समांतर चालवा, मग घोट्यापर्यंत आणि फार तर घोड्याच्या गुडघ्यापर्यंत. त्यापुढं नाही. खाडीच्या तोंडाशी, जिथं नदी समुद्राला मिळते, तिथली वाळू वरून घट्ट दिसली तरी आतून पोकळ असते. तिथून मागे फिरा. भरती लागली असेल तर खडकाच्या टोकापलीकडेही जाऊ नका, परतीची वाट पाण्याखाली जाते.

पॅराग्लायडर, वाळूतल्या मोटारी, पतंग, कुत्री यांनी घोडे बिचकतात. असं काही दिसलं की घोडेवाल्याला आधी सांगा आणि लांबून वळवा. तरीही घोडा उसळलाच तर मागे न कलता खोल बसा, आयाळ धरा आणि दोरवाल्याला त्याचं काम करू द्या. वीस-पंचवीस मिनिटं पहिल्या खेपेला भरपूर झाली.

उतरताना एक चूक हमखास होते. एक पाय रिकिबीतच ठेवून लोक खाली उडी मारतात. आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, पुढे वाकून उजवा पाय मागून फिरवा आणि पोट खोगिराला घासत डाव्या बाजूला घसरत खाली या. गुडघे थोडे वाकवूनच टेका. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, गरम पाण्याची अंघोळ पुरते.

आणि लगेच पाठ फिरवू नका. घोडेवाल्याला तंग सैल करायला सांगा, पुढचं गिऱ्हाईक उभं असलं तरी. खायला द्यायचं तर आधी विचारून, तळहात सपाट ठेवून. चालणाऱ्या घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर किंवा जास्तही गोडं पाणी लागतं आणि समोर एवढा समुद्र असून त्यातलं घोटभरही त्याच्या कामाचं नसतं. भाच्यानं मामांकडून बादली मागून घेतली आणि दोन्ही हातांनी धरून तांबड्यासमोर ठेवली. तांबड्यानं नाक बुडवून एका दमात निम्मी संपवली, मान वर करून ओठ झटकले, आणि पुन्हा खाली घातली.