एक क्रियापद, चार रूपं आणि सगळे काळ

इंग्रजीचे बारा काळ पाठ करायला बसू नका. मी धरणगाव तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी मुलींची इंग्रजीची शिकवणी घेते. नव्याने येणाऱ्या बहुतेक मुलींच्या वहीत बारा चौकोनांचा तोच तक्ता असतो. तक्ता तोंडपाठ असतो, पण ‘काल काय केलंस?’ एवढं इंग्रजीत विचारलं की गप्प. तक्त्यात चूक काहीच नाही, फक्त तो शेवटी यायला हवा.

सुरुवात एका क्रियापदापासून करा. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोरात असते, म्हणून मी ‘पिक’ घेते. पिक म्हणजे वेचणं, तोडणं. हे नियमित क्रियापद आहे, म्हणजे त्याचं दुसरं (भूतकाळाचं) आणि तिसरं (‘हॅव’नंतर येणारं) रूप सारखंच, शेवटी ई-डी लावून होणारं. पिक, पिक्स, पिकिंग, पिक्ड. संपली रूपं. मराठीत वेचते, वेचतो, वेचतात, वेचला, वेचल्या, वेचीन, वेचशील अशी रांग लागते. इंग्रजीत मूळ क्रियापद या चारांच्या पलीकडे जात नाही. पुढचं ओझं डू, इज, हॅव, विल अशी मदतीची क्रियापदं उचलतात.

अहिराणी बोलणाऱ्याला हे पटकन कळतं. ‘तो करी ऱ्हायना’, ‘ती करी ऱ्हायनी’ यात ‘करी’ जागचं हलत नाही, बदलतं ते नंतरचं ‘ऱ्हायना’. इंग्रजीत मदतीचं क्रियापद आधी बसतं, एवढाच फरक: ‘ही इज पिकिंग’, ‘दे आर पिकिंग’.

आता नियम. डू, डज, डिड आणि विल यांच्यानंतर कोरं ‘पिक’. अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, बी, बीन यांच्यानंतर ‘पिकिंग’. हॅव, हॅज, हॅड यांच्यानंतर ‘पिक्ड’. या तीन ओळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘आय विल पिक’, ‘शी वॉज पिकिंग’, ‘वुई हॅव पिक्ड’ ही वाक्यं त्यांतूनच निघतात. मदतनीस नसेल तेव्हा दोनच गोष्टी बघायच्या. रोजची गोष्ट असेल तर ‘पिक’, आणि ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव असेल तर ‘पिक्स’. होऊन गेलेली असेल तर सगळ्यांना ‘पिक्ड’.

हे शेवटचं आपल्याला जड जातं, कारण मराठीत भूतकाळ कर्माकडे बघतो. आईने कापूस वेचला, शेंगा वेचल्या, बोरं वेचली. इंग्रजीत वेचणारी आई असो की दहा बाया, वेचलेलं काहीही असो, ‘पिक्ड’च. आणि नकार किंवा प्रश्न आला की तो ई-डी ‘डिड’मध्ये जातो: ‘डिड शी पिक?’, ‘शी डिड नॉट पिक’. ‘डिड पिक्ड’ म्हणजे एकच पोतं दोनदा काट्यावर ठेवल्यासारखं. ‘डज शी पिक्स?’ही त्याच कारणाने चूक. एस ‘डज’ने आधीच घेतलाय.

खरी मेहनत पुढे आहे, कारण मराठी वाक्य जसंच्या तसं उचललं की काळ घसरतो. ‘आम्ही परवाच वेचलाय’ हे आपण सहज म्हणतो, पण ‘हॅव पिक्ड’च्या जोडीला ‘यस्टर्डे’ किंवा ‘लास्ट वीक’ बसत नाही. वेळ सांगितली की साधं ‘वुई पिक्ड’. वेळ न सांगता ‘झालंय वेचून’ एवढंच सांगायचं असेल तर ‘वुई हॅव पिक्ड द कॉटन’.

दुसरी जागा ‘होता’ची. ‘गेल्या वर्षी आम्ही कापूस लावला होता’ यातला ‘होता’ बघून मुली ‘हॅड प्लांटेड’ लिहितात. इथे ‘वुई प्लांटेड’ पुरतं. ‘हॅड’ लागतो तो दोन गोष्टी होऊन गेल्या आणि त्यातली आधीची कोणती ते दाखवायचं असतं तेव्हा. अवकाळी पाऊस आला, पण त्याच्या आधी वेचणी उरकली होती: ‘व्हेन द रेन केम, वुई हॅड पिक्ड द कॉटन’. ज्याने भिजलेला कापूस पाहिलाय त्याला या ‘हॅड’ची किंमत समजते.

तिसरी जागा ‘सकाळपासून’. ‘सकाळपासून वेचतेय’ म्हणून ‘आय अ‍ॅम पिकिंग सिन्स मॉर्निंग’ नको. सुरू होऊन आतापर्यंत चाललंय, तर ‘आय हॅव बीन पिकिंग सिन्स मॉर्निंग’. लांब वाटतं, पण आपल्याच नियमाने उलगडतं: हॅवने ‘बी’चं तिसरं रूप मागितलं, ते ‘बीन’, बीनने पिकिंग मागितलं. ‘विल हॅव बीन पिकिंग’ सध्या सोडून द्या, बोलताना फार क्वचित लागतं.

उच्चाराकडे मात्र लक्ष द्या. ‘पिकेड’ नाही, ‘पिक्ट’. शब्द क, प, फ, स, श, च अशा आवाजावर संपला तर ई-डीचा उच्चार ट होतो. ट किंवा ड वर संपला तरच नवीन अक्षर येतं, लोडचं लोडिड, प्लांटचं प्लांटिड. बाकी सगळीकडे ड, जसं क्लीन्ड. स्पेलिंगही जपा: ‘कॅरी’मधला वाय जाऊन आय-ई-डी येतं, ‘स्टॉप’चा पी दोनदा लिहायचा, ‘यूज’ला आधीच ई आहे म्हणून फक्त डी.

सराव तोंडीच करा, आणि घरातल्या कामांवर. रावेर-यावलकडचे असाल तर ‘प्लांट’ घ्या, केळी लावायची. तीन ओळींचं पान समोर ठेवा आणि आजचं, कालचं, उद्याचं एकेक वाक्य बोला. मग त्याच वाक्याचा नकार, मग प्रश्न. क्रियापद चुकलं तर पहिल्यांदा त्याच्या आधीचा मदतनीस बघा, नव्वद टक्के वेळा चूक तिथेच सापडते. तोंड वळलं की वहीतला तो बारा चौकोनांचा तक्ता काढा आणि कोरा ठेवून स्वतः भरा.