लिनक्स फोनचा मेनू बेतावा अंगठ्याच्या मापाने

पाइनफोन या लिनक्स फोनवर फॉश, म्हणजे बोटाने चालवायचा पडदा-मांडणीचा प्रोग्राम, सुरू केला की ॲपची जी जाळी समोर येते, ती कोणी बसून आखलेली नसते. जी ॲप बसवली, ती नावाच्या क्रमाने येऊन बसली, एवढंच. टेबलावरच्या संगणकावर हे खपून जातं, माउसचा बाण बारीक असतो. बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर तेच करून बघा.

म्हणून सुरुवात कागदावर करा. आठवडाभर जे ॲप उघडाल त्याच्यापुढे रेघ मारत जा. माझ्या यादीत शेवटी नऊच नावं उरली, आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, दुसऱ्या क्रमांकावर निघालं. मेनू या नऊंचा करायचा. बाकीची ॲप शोधून उघडता आली तरी पुरे.

मग पडदा मोजा. पाइनफोनचा पडदा 5.95 इंची, 720 बाय 1440 पिक्सेलचा आहे. म्हणजे मिलिमीटरला साधारण 10.6 पिक्सेल आणि रुंदी जेमतेम 68 मिलिमीटर. बोट नेमकं पडायला 9 मिलिमीटरच्या आसपास जागा हवी. वोफीसारखा ॲप उघडायचा वेगळा मेनू वापरत असाल तर रकाने किती ते स्वतःच ठरवता येतं. पाच केले तर प्रत्येकाला साडेतेरा मिलिमीटर मिळतात. बोटाला ते पुरतात, पण खालच्या नावाला नाही: ‘फाइल व्यवस्थापक’चं ‘फाइल व्यव…’ होतं. चारच ठेवा, किंवा नाव ‘फाइली’ करा. ओळीची उंची तपासायला ‘मूर्ती’ हा शब्द लिहून बघा. खाली ऊकार, वर रफार आणि वेलांटी. यातलं काही कापलं गेलं नाही तर उंची बरोबर.

आता खरं काम, म्हणजे लपवणं. प्रत्येक ॲपची एक डॉट डेस्कटॉप फाइल असते, ॲपचं नाव आणि ते कसं उघडायचं हे मेनूला सांगणारी. सगळ्यांसाठी बसवलेल्या ॲपच्या फाइली बहुधा यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या वाटेवर सापडतात. (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.) मूळ फाइलीला हात लावू नका, पुढच्या अपडेटला बदल पुसला जाईल. तिची प्रत होम फोल्डरमधल्या डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स इथे ठेवा. फाइलीचं नाव तेच राहिलं तर तुमची प्रत वरचढ ठरते. त्या प्रतीत ‘नोडिस्प्ले’ समोर ‘ट्रू’ लिहिलं की ॲप मेनूतून जातं, पण एखादी फाइल उघडायला लागलंच तर हाताशी असतं. ‘हिडन’ ही ओळ मात्र वेगळी. तिने ॲप काढून टाकल्यासारखंच धरलं जातं, म्हणून दोघींची गल्लत नको.

त्याच प्रतीत ‘नेम’पुढे चौकटी कंसात ‘एमआर’ हा मराठीचा संकेत लिहून मराठी नाव देता येतं. फोनची भाषा मराठी असेल तेव्हा ते दिसतं. ‘कीवर्ड्स’च्या, म्हणजे ॲप शोधायच्या शब्दांच्या, ओळीत मराठीबरोबर रोमन स्पेलिंगही घाला, शब्दांमध्ये अर्धविराम देऊन. घाईत कीबोर्ड बदलत बसायला कोणाला आवडतं? शेवटी ‘डेस्कटॉप फाइल व्हॅलिडेट’ ही आज्ञा चालवा, लिहिण्यातली चूक ती दाखवते.

क्रम लावताना अंगठ्याकडे बघा. पडद्याचा खालचा भाग त्याच्या सहज टप्प्यात येतो, वरचा कोपरा नाही. फॉशमध्ये आवडती ॲप जाळीच्या वरच्या बाजूला येतात, हे मला पटत नाही. पण ती निदान एकत्र राहतात, म्हणून तिथे चारच ठेवावीत. नऊतली उरलेली पाच खालच्या जाळीत राहू द्या.

फॉशऐवजी एसएक्समो ही दुसरी मांडणी वापरत असाल तर तिची तऱ्हा निराळी. तिथे यादीत आवाजाच्या बटणांनी वरखाली व्हायचं आणि पॉवरच्या बटणाने निवडायचं. म्हणजे सातव्या ओळीवर पोचायला सहा वेळा दाबावं लागतं. तिथे वर्णानुक्रम साफ विसरा. रेघा सर्वात जास्त ज्याला, ते पहिलं. फोन बंद करण्याची ओळ तळाशी, चुकून लागणार नाही अशी.

झालं की फोन एका हातात धरून, चालत चालत, पहिली पाच ॲप उघडून पहा. जिथे दुसरा हात मदतीला धावला, ती जागा बदला.