तुर्कीचा इतिहास लोकलमध्ये कसा वाचायचा (डोंबिवली फास्टवाल्यांसाठी)

आईला हिंदीत डब केलेल्या टर्किश सिरीयल्सचं वेड लागलं आणि एक दिवस तिने विचारलं, अरे या तुर्की लोकांचं नक्की झालं काय रे, आधी बादशहा, मग तो सूटबूटवाला, आणि आता परत मशिदी? मला दोन वाक्यंसुद्धा नीट सांगता येईनात. म्हणून येता-जाता ट्रेनमध्ये वाचायला लागलो. सुरुवात पार चुकली, तेराव्या शतकातल्या उस्मानपासून घेतली आणि आठवडाभर सुलतानांच्या नावांत अडकलो. तुम्ही ते करू नका.

आपण '२६ जुलै' म्हटलं की साल कोणी विचारतं का? तसंच तुर्की लोकांचं. १२ सप्टेंबर म्हणजे १९८० चा लष्करी उठाव, २८ फेब्रुवारी म्हणजे १९९७, लष्कराने दबाव आणून सरकार घालवलं ते, १५ जुलै म्हणजे २०१६, फसलेला उठाव. साल बोलायची गरजच नाही. तर एक साधी वही घ्या, तीन रकाने पाडा: ही तारीख साजरी कोण करतं, या तारखेला रडतं कोण, आणि तेव्हा आपल्याकडचं कोणी त्यात होतं का. मोबाईलवर नोट्स नको, ठाण्याला गर्दी घुसली की फोन खिशात जातो आणि परत काही तो निघत नाही.

पहिली तारीख २७ मे घ्या, कारण पद्धत काय आहे ते यातच कळतं. १४ मे १९५० च्या निवडणुकीत अदनान मेंदेरेसच्या डेमोक्रॅट पार्टीने अतातुर्कच्या (मुस्तफा केमाल म्हणजे हाच, आईचा सूटबूटवाला) पक्षाला हरवलं, म्हणजे प्रजासत्ताक झाल्यापासून २७ वर्षं एकच पक्ष सत्तेत होता तो गेला. मेंदेरेसने लगेच अजान परत अरबीत आणली (१९३२ पासून ती तुर्कीत द्यायला लावत होते), खेड्यातले लोक खूश, पण पुढेपुढे तो विरोधकांना आणि पेपरवाल्यांना आवळायला लागला आणि २७ मे १९६० ला लष्कराने त्याला उचललं. यास्सिआदा नावाच्या बेटावर खटला चालला, सप्टेंबर १९६१ मध्ये त्याला आणि दोन मंत्र्यांना फाशी. आता गंमत बघा, १९६३ पासून २७ मे ही चक्क सरकारी सुट्टी होती, स्वातंत्र्य आणि संविधान दिन! ती सुट्टी काढली कोणी, तर १९८० ला उठाव करून आलेल्या दुसऱ्या जनरल लोकांनी. १९९० ला मेंदेरेसचे अवशेष सरकारी इतमामात इस्तंबूलला आणून पुरले, आणि खटल्याच्या त्याच बेटाला पुढे लोकशाही आणि स्वातंत्र्य बेट असं नाव देऊन २०२० ला त्याचं उद्घाटन केलं, तेही २७ मे लाच. म्हणजे तारीख तीच, पण पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातली माणसं पार उलटी झाली. म्हणून रकाने पेन्सिलीने भरा.

मग १९१५ ला या. २४ एप्रिलला इस्तंबूलमधल्या अर्मेनियन लेखक, वकील, पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली, नंतर लाखोंना सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं, मेलेल्यांचे अंदाज साधारण ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत आहेत. जगातले बहुतेक इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात, तुर्की सरकार आजही तो शब्द मानत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, २५ एप्रिलला, गॅलिपोलीवर ब्रिटिशांच्या फौजा उतरल्या, त्यांना थोपवून मुस्तफा केमालचं नाव झालं. एकाच आठवड्यातल्या या दोन तारखा वहीत शेजारीशेजारी लिहा, वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या तर एक विसरायला होतं. (तिसरा रकाना: मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात तुर्कांनी कोंडलेली ब्रिटिशांची डिव्हिजन होती सहावी, पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कित्येक कैदी चालता चालताच गेले. मला शाळेत हे कोणी सांगितलं नाही.)

मध्येच नावांचा घोळ होतो त्याचा उपाय सांगतो. १९३४ चा कायदा येईपर्यंत बहुतेकांना आडनावच नव्हतं. त्यामुळे इस्मत पाशा आणि इस्मत इनोनू हा एकच माणूस, जिथे लढाई लढला ते गाव आडनाव म्हणून मिळालं. आणि त्यांच्या लिपीतला सी म्हणजे आपला 'ज', आताच्या राष्ट्राध्यक्ष एर्दोआनमधला 'ग' तर बोलायचाच नसतो, आपले पेपरवाले तरी लिहितातच.

९ सप्टेंबर १९२२ ही इझमीर शहर ग्रीक फौजेच्या ताब्यातून सुटल्याची तारीख, पण चारच दिवसांनी तिथे भीषण आग लागली आणि ग्रीकांसाठी तो सर्वनाशाचा महिना. मग अदलाबदलीचा करार: सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसला, सुमारे ४ लाख मुस्लिम तुर्कीला, धर्म बघून, भाषा बघून नाही. उल्हासनगर ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

१२ सप्टेंबरला वेळ द्या. साडेसहा लाख लोक आत टाकले, ५० जणांना फाशी. उठावाचा म्होरक्या जनरल केनान एव्हरेन आधी राष्ट्राध्यक्ष झाला आणि २०१४ ला, नव्वदी पार केल्यावर, त्यालाच जन्मठेप. पीकेके या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेचा सरकारशी संघर्ष १९८४ ला पेटला, त्यात ४० हजारांवर माणसं गेली, मे २०२५ मध्ये संघटनेने स्वतःला बरखास्त केल्याचं जाहीर केलं.

भूकंप सोडू नका, मी सोडले होते आणि चुकलो. १७ ऑगस्ट १९९९, पहाटे ३ वाजून २ मिनिटं, १७ हजारांवर मृत्यू. लोक निसर्गावर कमी आणि बिल्डरांवर, सरकारवर जास्त चिडले, त्यात २००१ चं आर्थिक संकट आलं आणि २००२ ला जुने पक्ष झाडून साफ, एर्दोआनचा पक्ष आला. भूकंपासाठी म्हणून लावलेला टॅक्स मात्र तसाच चालू राहिला. २०१८ ला बेकायदा बांधकामं पैसे भरून नियमित करून दिली, आणि ६ फेब्रुवारी २०२३ ला ७.८ चा धक्का, तुर्कीत ५० हजारांवर माणसं गेली. पावसाळ्यात आपल्याकडे एखादी इमारत बसली की दुसऱ्या दिवशी जी चर्चा होते ना, अगदी तीच तिकडे. इथे तिसऱ्या रकान्यात लिहा: मदतीला गेलेली आपली एनडीआरएफ, ऑपरेशन दोस्त.

शेवटची तारीख ३ मार्च १९२४, ही मुद्दाम मागे ठेवलीय. एखाद्या शनिवारी भायखळ्याला उतरा आणि खिलाफत हाऊस बाहेरून बघून या. १९१९ पासून तुर्कीच्या खलिफासाठी (मुसलमानांचा धर्मप्रमुख) चाललेल्या चळवळीचं केंद्र आपली मुंबईच होती, गांधीजीही त्यात, हिंदुस्थानातून पैसे गोळा होऊन तिकडे गेले. आणि ३ मार्चला अंकाराच्या सरकारने खिलाफतच, म्हणजे खलिफाचं पदच, रद्द केली, उरलेल्या पैशातून त्याच वर्षी केमालने इश बँक काढली, जी आजही चालू आहे. पहिल्या रकान्यात अंकारा, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात मात्र मला एकच नाव लिहावं लागलं, भायखळा.