आठ थ्रेड लावले आणि प्रोग्राम मंदावला

नागपुरात एम.टेक.ला पॅरलल कॉम्प्युटिंगचा, म्हणजे एकच काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर (स्वतंत्र गणना करणाऱ्या भागांवर) वाटून करण्याचा विषय घेतला तेव्हा माझा हिशेब सरळ होता: एका कोअरला आठ सेकंद लागतात, तर आठांना एक लागेल. पहिल्याच महिन्यात माझा आठ थ्रेडचा, म्हणजे काम आठ समांतर धाग्यांत वाटलेला प्रोग्राम एका थ्रेडपेक्षा हळू धावला. लॉक नाही, म्हणजे कुणी कुणासाठी अडून बसत नाही, प्रत्येक थ्रेडचा काउंटर वेगळा, तरीही. दोन आठवडे कोड चाळत बसलो. शेवटी सरांनी एवढंच विचारलं, "अरे, ते काउंटर मेमरीत बसलेत कुठं?"

एकमेकांना खेटून बसले होते. आठ बाइटचे आठ काउंटर म्हणजे 64 बाइट, आणि आमच्या मशीनची कॅश लाइन, म्हणजे कोअर आपल्या जवळच्या छोट्या मेमरीत एका वेळी आणतो तो तुकडा, तीही तेवढीच. एका कोअरनं आपला काउंटर वाढवला की बाकीच्यांकडची ती लाइन बाद, मग त्यांनी ती पुन्हा मागवायची. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. काउंटरांच्या मधे रिकामी जागा सोडली आणि प्रोग्राम सुसाट सुटला. लिनक्सच्या 'पर्फ' या वेग तपासायच्या साधनातली 'सी-टू-सी' कमांड नेमकं हेच दाखवते, हे मला फार उशिरा कळलं.

अॅमडालचा 1967 चा नियम सगळ्यांना पाठ असतो, धाक मात्र कुणालाच नसतो. कामाचा 5 टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार कोअर लावूनही वेग 20 पटींच्या वर जात नाही. तर्री-पोह्यांच्या गाडीवर पोहे वाढणारे दहा जण आणि तर्रीचा डाव एकच, तर रांग डावापाशीच तुंबणार ना बापा! नाहीतर मेमरीपाशी. डबलच्या, म्हणजे आठ बाइटच्या दशांश संख्यांच्या दोन अॅरेंची बेरीज तिसऱ्यात ठेवायची, तर एका बेरजेमागे निदान 24 बाइटची ने-आण. तो रस्ता भरला की वाढवलेले कोअर नुसते ताटकळतात. म्हणून 2009 चं रूफलाइन मॉडेल आधी शिका; काम गणनेपाशी अडतंय की मेमरीपाशी, हे ते दाखवतं. प्रोसेसरची सॉफ्टवेअरात नक्कल करणाऱ्या जेम-फाइव्हसारख्या सिम्युलेटरच्या मागे नंतर लागा. सेकंदांचं काम तिथं दिवसचे दिवस चालतं.

"नागपुरात सुपरकॉम्प्युटर कुठाय?" असं नवीन मुलं विचारतात. 'परम'वाले विजय भटकर इथल्याच व्हीआरसीईत, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीत शिकले, असं सांगून मी वेळ मारून नेतो. खरं म्हणजे पहिलं वर्ष आठ कोअरच्या डेस्कटॉपवर मजेत निघतं.

मोजणी मात्र पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. थ्रेड कोअरना बांधा, टर्बो (प्रोसेसरनं आपोआप वेग वाढवणं) बंद करा, तीसेक वेळा चालवा, मध्यक आणि फैलाव दोन्ही लिहा. सगळ्यात चांगला आलेला एकच आकडा रिपोर्टात टाकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

आमच्या खोलीत एसी नव्हता, कूलर होता. मे महिन्यात त्यातलं पाणी संपलं की दुपारचे आकडे सकाळपेक्षा वाईट यायचे. मी आठवडाभर माझ्या नव्या शेड्युलिंगला, म्हणजे थ्रेडना काम वाटायच्या पद्धतीला शिव्या घातल्या. प्रोसेसर तापून आपणच क्लॉक, म्हणजे आपला वेग, उतरवत होता. तेव्हापासून वहीत कंपायलरच्या फ्लॅगशेजारी तापमानाचा रकाना आहे, आणि उन्हाळ्यात पक्क्या रन मी पहाटे पाचला लावतो.